न तोडलेलं हाड

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

पलंगाखालून हाड काढायला तुझ्या काकूनं लाटणं घातलं. रॉकेटनं लाटणंही ओढून घेतलं. आता त्याच्याकडं दोन वस्तू आहेत आणि आमच्याकडं एकही नाही. काकू जमिनीवर पालथी पडून त्याच्याशी बोलणी करते आहे. मी खुर्चीत बसून तुला लिहितो आहे, कारण फोन केला तर तू ओरडशील आणि मी फोन ठेवीन. मागच्या वेळी तेच झालं. तेव्हा काकूनं ठरवून दिलं ते बरं. तुझी पार्सलं घेऊन काशिफची ट्रॅव्हल्स येतेच, तिच्यातूनच पत्रं जावीत आणि यावीत. कागदाला आवाज नसतो.

घडलं ते असं. आज रविवार, मटण होतं. नळी पाहुण्याला, हा या घरातला नियम तुझ्या जन्माआधीचा आहे. आज घरात पाहुणा कोण? मी नाही, काकू नाही. पुण्याच्या सोसायटीची परवानगी मिळेपर्यंत म्हणून दिवाळीत तू ज्याला आमच्याकडं ठेवून गेलीस, तोच काय तो पाहुणा. त्याला दिली. कच्ची नाही, घाबरू नकोस. कुकरला भरपूर शिट्ट्या काढून, वरचा मसाला धुऊन दिली. आपण जनावराला कच्चं घालणारी माणसं नव्हे.

तू चघळायला पाठवलेली काठी त्याला आवडलेली नाही. डब्यावर लिहिलं आहे की ती हिमालयातल्या याकच्या दुधाची आहे. एवढ्या लांबून आलेली वस्तू. त्यानं ती हुंगली आणि माझ्याकडं बघितलं. मी पंच होतो तेव्हा लाल कार्ड दाखवलं की खेळाडू असंच बघायचे.

काकूनं भाकरी दाखवली. लाटणं सुटलं. हाड अजून त्याच्याकडंच आहे.

विजयसिंह काका


पुणे
१४ जानेवारी

काका,

पत्र वाचून काकूला फोन केला. हाड सुटलं म्हणे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं रॉकेटच्या पोटात आहे आणि काकू त्याच्या मागोमाग परसात फिरते आहे. या वयात तिला हा व्यायाम मिळवून दिल्याबद्दल तुमचे आभार.

आपलं घराणं जनावराला कच्चं घालत नाही याचा मला अभिमान आहेच. पण हाड शिजलं की मऊ होत नाही, ठिसूळ होतं. चावलं की त्याच्या सुया होतात. तुमच्या कुकरमध्ये नळीवरचं मटण शिजतं आणि नळीचा चाकू होतो. तो तुम्ही धुऊन, पुसून, मानानं त्याच्या पुढ्यात ठेवलात.

एकदाच लिहिते. शिजवलेलं हाड नाही, कशाचंही नाही, कोंबडीचं तर दाखवायचंही नाही. द्यायचंच तर कच्चं, अख्खं, न तोडलेलं, त्याच्या थोबाडाहून लांब. ते चघळेल तेवढा वेळ समोर बसायचं आणि लहान व्हायला लागलं की काढून घ्यायचं. ते पेपर वाचत करायचं काम नाही. कातड्याच्या गाठी मारलेल्या त्या पांढऱ्या वस्तू दुकानात टांगलेल्या असतात, त्या आणू नका. त्या भिजून फुगतात आणि सबंध गिळल्या जातात. शिंग नको, खूर नको. कोणतीही वस्तू घेताना अंगठ्याचं नख दाबून बघा. नख रुतलं नाही तर ती दातापेक्षा टणक आहे, दात तुटणार.

काही अडकलंच तर खुणा अशा. लाळ गळते. मान पुढं ताणली जाते. पंज्यानं तोंड ओढतो. पाण्यापाशी जातो आणि न पिता मागं सरतो. हे दिसलं की घरचे उपाय करायचे नाहीत, तडक डॉक्टर. हा भाग काकूला वाचून दाखवा. तुम्ही वाचलात तर तुमच्यापाशीच राहील.

आणि शेवटचं. इथं बाणेरला कुत्र्यांसाठी बोर्डिंग आहे. कॅमेरे आहेत, शिकलेली माणसं आहेत, आणि कोणाकडंही कुकर नाही. त्याच्या तोंडात आणखी एक जरी शिजवलेलं हाड गेलं, तर रॉकेट तिकडं जाईल.

अनुजा


मंगळवार पेठ
१९ जानेवारी

अनुजा,

अर्धं हाड बाहेर आलं. तपशील काकूकडून घे, ती सगळ्या पेठेला देते आहे. तुझ्या पत्रातला खुणांचा भाग तिनं कापून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. आता चहा मागायला गेलं तरी आधी लाळ, मग मान, मग पंजा वाचावं लागतं.

बोर्डिंगविषयी लिहिलंस ते वाचलं. कॅमेऱ्यासमोर जेवायची त्याला सवय नाही, एवढंच सांगतो.

नखाची परीक्षा मी मनावर घेतली. राजारामपुरीतल्या दुकानात जाऊन मांडलेल्या प्रत्येक वस्तूत नख दाबलं. दुकानदार बराच वेळ बघत होता. मग त्यानं विचारलं, तुम्ही घेणार आहात की नुसतेच दाबणार आहात. घरी आल्यावर तुझी याकच्या दुधाची काठी दाबली. माझं नख तुटलं. काठीवर ओरखडा नाही. परीक्षक तू, नापास झालेली वस्तूही तुझीच. मी शेरा मारत नाही.

दिलदारकडं कच्चं हाड आणायला गेलतो. तुला तो आठवत असेल, आपला नेहमीचा खाटीक. अख्खं दे, तोडू नकोस, म्हटल्यावर त्यानं सुरी खाली ठेवली. त्याच्या दुकानातून न तोडलेलं हाड आजवर कोणी नेलेलं नाही, आणि माझ्यासारखा माणूस तसं मागतो म्हणजे त्याच्या हाताला काही झालं आहे असं लोक समजतील, असं त्याचं म्हणणं. कुत्र्यासाठी आहे म्हटलं. तर म्हणाला, "मग तुमच्यासाठी काय? तुम्ही अलीकडं नुसता खिमा का मागताय, ते आधी सांगा."

खोटी गोष्ट आहे. एकदाच मागितला होता, तोही काकूसाठी. तिला दाताच्या डॉक्टरकडं नेऊन कवळी बसवली, वरची पूर्ण. ती लाजते. तिच्याशी हा विषय काढू नकोस. माझं विचारशील तर, मी पंगतीत हाडं फोडायला लागलो की शेजारचा माणूस आपलं जेवण थांबवून ऐकायचा, ते दात आहेत हे.

रॉकेटला ते न तोडलेलं हाड फार आवडलं. मी समोर बसलो. पेपर वाचला नाही. त्यानं मला बघितलं, मी त्याला बघितलं. तुझ्या वडिलांच्या शेजारीही मी इतका वेळ गप्प बसलेलो नाही, आणि ते माझे सख्खे भाऊ.

नऊ फेब्रुवारीला कोडोलीला माझ्या दोस्ताकडं, गणपतरावाकडं, म्हाईची जत्रा आहे. बकरी पडणार, रस्सा उकळणार, आल्यागेल्याला आग्रहानं वाढणार. घराला कुलूप असेल, तेव्हा रॉकेटही येईल. परवानगी मागत नाही, कळवतो आहे.

काका


पुणे
२३ जानेवारी

काका,

सबंध गाव मटणाच्या पंगतीला बसलेलं, पाहुण्यानं नको म्हटलं तर अपमान समजणारी माणसं, आणि मधे एक लॅब्रॅडॉर. यापेक्षा सुरक्षित जागा मला सुचलीच नसती.

सलमा वहिनींकडं त्याला ठेवता येईल का? भिंतीला भिंत लागून घर आहे. मीच विचारलं असतं, पण त्या तेव्हा मिरजेला लग्नाला जाणार आहेत असं काकू म्हणाली. म्हणजे तुम्ही नेणारच.

याकची काठी फेकून द्या. ती माझी चूक. ही दोन्ही वाक्यं जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाहीत. सोबत रबराचं पोकळ खेळणं पाठवते आहे. नख दाबून बघितलं आहे, रुततं. आत भाकरी आणि दही भरायचं. तासभर चाटत बसतो. गळ्यात बांधायला एक रुमालही आहे. त्यावर छापून घेतलं आहे: मला काही खायला घालू नये.

काकूच्या कवळीचं मी काही बोलणार नाही. तुम्ही मात्र तिला जपा. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या सासूबाईंना अशीच वरची कवळी बसवली होती. टाळू झाकलेली, त्यामुळं घासात हाड आहे की नाही हे कळतच नाही. सरळ घशात जाऊन बसलं. दुर्बीण घालून काढावं लागलं. म्हाईत काकूला हाडाचं मटण खाऊ देऊ नका. बाणेरचं मी विसरलेले नाही.

अनुजा


मंगळवार पेठ
७ फेब्रुवारी

अनुजा,

खेळणं चाललं. रुमाल बांधला. रॉकेट आता पतसंस्थेच्या चेअरमनसारखा दिसतो. पण कोडोलीत लिहिलेलं वाचतात, पाळत नाहीत. तिथल्या भिंतींवर काय काय करू नये ते लिहिलेलं आहे, आणि ते करायला लोक बरोबर त्याच भिंतीपाशी येतात.

म्हणून मी वेगळं ठरवलं आहे. पंगतीत मी त्याच्या शेजारी बसेन. जे येईल ते मी अडवीन. वीस वर्षं फुटबॉलच्या मैदानात पंचगिरी केली आहे, दोन तालमींच्या पोरांच्या मधे उभा राहिलो आहे. वाढपी म्हणजे काय?

काकूला तुझा निरोप सांगितला. ती बरं म्हणाली.

काका


सरकारी नव्हे, खासगी हॉस्पिटल, कोल्हापूर
१० फेब्रुवारी

अनुजा,

तुझ्या काकांना बोलायची बंदी आहे. आमच्या लग्नापासून इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकते आहे. म्हणून पत्र मी लिहिते. त्यांची तब्येत बरी आहे, हे आधी लिहिते म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

कोडोलीत गेल्यावर गणपतरावांनी रॉकेटसाठी वेगळी पत्रावळ मांडली. शहरातून आलेला पाहुणा, म्हणून पहिली नळी त्याच्या पत्रावळीवर. रुमाल सगळ्यांनी वाचला. एकानं तर मोठ्यानं वाचून दाखवला, आणि वाचता वाचताच दुसरं हाड वाढलं. हे शेजारी बसले होते. वाढलेलं परत करायचं तर यजमान समोर उभा. टाकून द्यायचं तर तेही त्याच्या डोळ्यांदेखत. मग यांनी ते उचललं आणि स्वतः खाल्लं. पुन्हा आलं, पुन्हा खाल्लं. वाढप्यांना वाटलं कुत्रं झपाट्यानं जेवतंय, म्हणून ते आणखी आणायला लागले.

शेवटी गणपतरावांनाच राहवेना. म्हणाले, "पावण्याचं हाय ते, विजयसिंग. तुमचं तुमच्या म्होरं हाय की."

हे म्हणाले, "त्याला परवानगी न्हाय."

"कुणाची?"

"पुण्याची."

ते ऐकून गणपतराव पुढच्या पत्रावळीकडं वळले. पुण्याचं नाव काढलं की आपल्याकडं पुढं कोणी विचारत नाही.

थोड्या वेळानं यांना ठसका लागला. लोक म्हणाले, उचकी आहे. कोणी भाकरीचा कोरडा घास दिला, कोणी केळं दिलं, एकानं पाठीत असा बुक्का मारला की रॉकेट त्याच्यावर गुरगुरला. मी बायकांच्या पंगतीतून बघत होते. लाळ गळत होती. मान पुढं ताणलेली. उजव्या हातानं तोंड ओढत होते. पाण्याचा तांब्या दिला तर तोंडाशी नेऊन मागं सारला. अगं, आमच्या दारावर चिकटवलेलं एकेक वाक्य माझ्या पुढ्यात बसलं होतं. मी उठले आणि म्हणाले, जीप काढा. गणपतराव म्हणाले, वहिनी, केळं तर उतरू दे. मी म्हणाले, कुत्र्याला झालं असतं तरी मी थांबले नसते.

इथं डॉक्टरांनी विचारलं, कवळी आहे का. यांनी माझ्याकडं बोट केलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी हसून दाखवलं. माझे सगळे दात माझेच आहेत. यांची वरची कवळी गेला महिनाभर रोज रात्री माझ्या चांगल्या स्टीलच्या पेल्यात भिजते आहे. ती माझी आहे, हे मला काल हॉस्पिटलमध्ये कळलं. मग घरी माणूस धाडून तुझी पत्रं मागवली आणि सगळी वाचली. माझ्यासाठी दिलेला निरोप चांगला होता. माझ्यापर्यंत आला असता तर उपयोगी पडला असता.

रात्रीच दुर्बीण घालून हाड काढलं. तिरपं बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी खाली सरकलं असतं तर पोटावर चिरा द्यावा लागला असता, आणि या वयात त्याची हमी कोणी देत नाही. हाड बाटलीत घालून दिलं आहे. ते यांच्या उशाशी आहे. सारखे बघतात.

तोवर रॉकेट हॉस्पिटलबाहेर जीपखाली बसून तुझं रबरी खेळणं चाटत होता. त्याला काही झालेलं नाही. शुद्धीवर आल्यावर यांनी कागद मागितला. मला वाटलं, माझ्यासाठी काहीतरी लिहितील. लिहिलं ते असं: "तिला कळव. त्याच्या तोंडात एकही गेलं नाही."

पूर्णिमा काकू


पुणे
१२ फेब्रुवारी

काका,

बाटलीतल्या हाडात नख दाबून बघू नका. तुमच्याकडून अपेक्षा आहे म्हणून लिहिते.

शब्द पाळलात. शब्दच पाळायचा होता, हाडं खायची नव्हती. पत्रावळ उचलून जीपखाली ढकलता आली असती. कुत्र्याला लघवीला नेतो म्हणून उठता आलं असतं. पण गणपतरावांना वाईट वाटू नये म्हणून जीव द्यायचा, हे मला पुण्यात बसून कळणार नाही, हे मान्य.

काकूच्या दातांचं तुम्ही महिनाभर जे केलंत त्याचा न्याय तीच करेल.

आता कामाचं. सोसायटीची परवानगी आली. कागद माझ्या हातात आहे. रविवारी सकाळी काशिफ गाडी घेऊन येईल, पुढं केबिनमध्ये रॉकेटला जागा ठेवायला सांगितली आहे. मी सकाळी आठला बाहेर पडते आणि रात्री आठला येते. तेवढा वेळ तो एकटा राहील. इतरांचे राहतात.

दुसराही मार्ग आहे. तो तुमच्याकडंच राहू शकतो, कायमचा. अट एकच, आणि ती तुमच्या ओळखीची आहे. शिजवलेलं हाड नाही. या वेळी ती तुमच्यासाठी आहे. घरी नाही, म्हाईत नाही, गणपतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी नाही. एक जरी हाड तुमच्या तोंडात गेलं, तर रॉकेट गाडीत बसेल. काकू लक्ष ठेवेल. तिला आता दात दाखवायची संधी हवीच आहे.

फोन करू नका, तुम्हाला बोलायची बंदी आहे. काय ते रविवारी काशिफच्या हाती कळवा. कुत्रा पाठवा किंवा पत्र.

अनुजा


मंगळवार पेठ
१५ फेब्रुवारी, संध्याकाळ

अनुजा,

अट वाचली. काकूला तीन वेळा वाचून दाखवावी लागली. ऐकायला येत नाही म्हणून नव्हे, तिला आवडली म्हणून.

कोल्हापुरात राहून माणसानं बिनहाडाचं मटण खायचं, हे तू लिहिलंस. याच घरात वाढलीस, आणि लिहिलंस. उद्या कोणाच्या घरी बारसं असेल, वास्तुशांत असेल, नंतरची मटणाची पंगत असेल. माझ्या पुढ्यात काय वाढतील? खिमा? लोक विचारतील, विजयसिंगाला काय झालं. मी काय सांगू? मला बोर्डिंगची भीती आहे म्हणून?

मी पंच होतो. कोणाच्या अटीवर शिट्टी वाजवलेली नाही कधी. तेव्हा माझा निर्णय असा. रॉकेट उद्या काशिफच्या गाडीनं येईल. तुझा कुत्रा आहे, तुझ्याकडं असावा. सामान बांधलं आहे. रुमाल आहे, खेळणं आहे. न तोडलेलं एक हाड दिलदारकडून आणून फडक्यात गुंडाळून ठेवलं आहे, वाटेत देऊ नये. त्याला उजव्या बाजूनं चघळायची सवय आहे. लहान झालं की काढून घ्यायचं, पण हात पुढं करायचा नाही. भाकरी दाखवायची, तो स्वतः सोडतो. समोर बसायचं. पेपर वाचायचा नाही. हे तुला ठाऊक असेल, तूच लिहिलं होतंस. आठ ते आठ समोर कोण बसणार, ते मात्र लिहिलेलं नाहीस.

संध्याकाळी तो खुर्चीखाली येऊन माझ्या पायावर हनुवटी ठेवतो. पायाला मुंग्या येतात. पाय हलवायचा नाही. हे तुझ्या पत्रात नव्हतं म्हणून लिहिलं.

बाटलीतलं हाड मी ठेवून घेतो आहे.

काका

ता. क. १६ तारीख, सकाळ. काशिफची गाडी वेळेवर आली. पाकीट त्याच्या हातात द्यायच्या आधी हे गाडीपाशी उभा राहून लिहितो आहे. त्यानं केबिनचं दार उघडून धरलं आणि कुत्रा कुठं बसवू म्हणून विचारलं. मी म्हटलं, दार लावून घे. इथून रॉकेटला घेऊन दिलदारकडं जातो आहे. अर्धा किलो खिमा आणायचा आहे.